झोपेचं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या त्साबांग गावचा कारभार पाहणारे गोबा गुर्मेत नुर्बू-ले. मंचावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, उद्यान विभागाच्या अधिकारी झाहिदा बानो साहेब. गोन्पाच्या दोनशे पायऱ्या उतरून खास आलेले आदरणीय लामा-ले. महिला मंडळाच्या माता-भगिनी. एरवी पाटाच्या पाण्यावरून एकमेकांकडे पाठ फिरवणारे, पण आज एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले वरच्या आणि खालच्या आळीचे ग्रामस्थ. माझे आजी-माजी विद्यार्थी. आणि गळ्यात पडलेल्या मानाच्या पांढऱ्या शेल्यांच्या, खताकांच्या ढिगातून सध्या फक्त ज्यांचा चष्मा दिसतो आहे, त्या आजच्या सत्कारमूर्ती अचे स्कित्झोम-ले. आपणां सर्वांना पल्दान मास्तरचा नम्र जुले.

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ज्यानं एकतीस वर्षं चाळीस मिनिटांचा तास घेतला, त्याला दहा मिनिटं देणं म्हणजे याकला कोंबडीच्या खुराड्यात बसवण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. दुसऱ्या रांगेत माझी पत्नी दिस्कित बसली आहे. तिनं डोक्यावरची टोपी सरळ केली की मी थांबायचं, असं घरून निघतानाच ठरलंय. तिनं आत्ताच एकदा केली. पण ती सवयीनं केली असं मी धरून चालतो.

माझ्या आधी आपला जिग्मेत बोलला. माझाच विद्यार्थी. शाळेत असताना ह्याच्या तोंडून कविता काढायची तर दगडातून तेल काढावं लागायचं, आणि आज काय बोलला! ऐकून ऊर भरून आला. गावातली पोरं अचे-लेंना अबी, म्हणजे आजी म्हणतात; बोलता बोलता तो म्हणाला, 'एकोणीस वर्षांत अबी फक्त एकदा झोपेचं पाणी द्यायला विसरल्या, आणि आज तेही आपण सगळे मोठ्या मनानं विसरून जाऊ या.' आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआपच वर गेले. त्या वाक्याकडे मला परत यायचं आहे, पण आधी ज्यांच्यासाठी जमलो त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलू द्या, नाहीतर सत्कार राहील बाजूला.

अचे स्कित्झोम-लेंनी केलं तरी काय, असा प्रश्न कुणी पाहुणा विचारेल. त्यांनी कुठलं शिखर सर केलं नाही, निवडणूक लढवली नाही, लेहच्या बाजारात त्यांच्या नावाचं दुकान नाही. त्यांनी पाणी सोडलं आणि पाणी बंद केलं. एवढंच. एकोणीस वर्षं त्या आपल्या गावच्या छुरपोन होत्या. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, किती वेळ, कुणाच्या अंगणात आधी, ह्याचा सगळा कारभार त्यांच्या फावड्याच्या टोकावर.

आता आपल्या गावात सत्तावन्न घरं. प्रत्येक घराच्या भिंतीलगत पाच-सात विलो, तेवढेच पॉपलर, कुणाकडे एखादं सफरचंद. ही काही रानातली झाडं नव्हेत. रानात आपल्याकडे दगड उगवतात. गावातलं एकूण एक झाड कुणीतरी खड्डा खणून लावलंय, पाणी पाजून मोठं केलंय. पोर जन्मलं की पॉपलर लावायचे, पोराचं लग्न ठरेपर्यंत नव्या खोलीच्या तुळया तयार. विलोच्या फांद्या तीन वर्षांनी छाटायच्या, त्या छपराला. सावली फुकट, पाखरं फुकट. आभाळातून वर्षभर जे काही पडतं त्यात बादलीचा तळही धड ओला होत नाही. म्हणजे आपल्याकडे झाड जगतं ते देवाच्या नव्हे, शेजाऱ्याच्या भरवशावर. आणि शेजारी कसे असतात हे मी आपणांस सांगायला नको.

अचे-ले ह्या कामात पडल्या त्याचीही गंमत आहे. त्या वर्षी छुरपोनची पाळी त्यांच्या घराची. यजमान त्सेतान-लेंचा पाय मोडलेला. 'हे उठेपर्यंत मी बघते,' असं त्या म्हणाल्या. त्सेतान-ले दोन महिन्यांत उठले, चालले, पुढं दहा वर्षं ठणठणीत जगले, पण फावडं काही त्यांना परत मिळालं नाही. आणि आपण? दर वर्षी लोसारच्या नववर्षसणानंतरच्या बैठकीत 'यंदा पाळी कुणाची?' असा विषय निघायचा आणि सगळ्या गावाला एकदम खोकला यायचा. जो नीट काम करतो त्याच्याच गळ्यात काम, ही आपली जुनी रीत. हसता काय, खोटं आहे का?

मी त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. म्हणून मी त्यांना अचे म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. पण खरं सांगायचं तर शाळेत मी मास्तर होतो आणि शाळेबाहेर त्या माझ्या मास्तरीणबाई होत्या. मी नवं घर बांधलं तेव्हा अंगणात अकरा रोपं लावली. बकऱ्या आणि गाई साल सोलून खातात, म्हणून आपण सगळे करतो तसं मीही केलं. तुपाचे रिकामे डबे दोन्ही बाजूंनी कापले, रोपांवरून ओवले, छातीपर्यंत चिलखत चढवलं. आणि मग शिकलेला माणूस करतो तेच केलं, म्हणजे विसरलो. पाच वर्षांनी एका सकाळी अचे-ले पत्रा कापायची कात्री घेऊन दारात उभ्या.

'मास्तर, शाळकरी वयातली विजार अजून घालता का हो?'

मी म्हणालो, 'अचे-ले, सकाळी सकाळी काय हे?'

'नाही ना घालत? मग ह्या लेकरांना का अजून तीच घालून ठेवलीय? बघा, कमरेत कशी रुतलीय.'

डबा कापला तर खरंच, सालीत बोटभर खाच पडलेली. झाड आतल्या आत आवळलं जात होतं आणि मी रोज त्याच्या शेजारी उभा राहून दात घासत होतो. त्या दिवशी त्यांनी माझ्या अकराही झाडांना मोकळं केलं. मग नैर्ऋत्येच्या बाजूनं खोडांना चुना फासायला लावला. मी विचारलं, एकाच बाजूला का? तर म्हणाल्या, 'हिवाळ्यात दुपारचं ऊन ह्या बाजूनं भाजतं. झाडाला वाटतं वसंत आला. सालीखालचा रस हलायला लागतो. आणि चार वाजता सूर्य डोंगराआड गेला की तोच रस गोठतो, साल उभी फाटते. चुना लावला की ऊन परत जातं, झाड फसत नाही.' मी शाळेत उष्णतेचं परावर्तन वीस वर्षं शिकवलं होतं. माझ्या अंगणात ते मला पाचवी न शिकलेल्या बाईंनी दाखवलं. दिस्कित, टोपीला हात लावू नकोस, आता मुद्द्यावरच येतोय.

मुद्दा झोपेच्या पाण्याचा. बानो साहेबांनी मघाशी आपल्या भाषणात सांगितलंच, पण मी आमच्या भाषेत सांगतो. पीक निघालं, खळी भरली, पानं पिवळी होऊन गळायला लागली की सगळं गाव म्हणतं, झालं, आता पाट बंद. छुरपोन म्हणते, थांबा. एक पाणी अजून राहिलंय. पानं असताना दिलेलं पाणी झाड पानांवाटे उडवून टाकतं. पानं गळल्यावर आणि जमीन गोठायच्या आधी, मधे आठ-दहा दिवस असतात. त्या दिवसांत दिलेलं पाणी मुळांपाशी राहतं. ते पिऊन झाड झोपी जातं. पुढं पाच महिने वारा त्याला शोषत राहतो, आणि झोपेतच ते त्या पाण्यावर तग धरतं.

हे दिवस नेमके कुठले, ते कुठल्याही पंचांगात नाही. ते अचे-लेंच्या सळईत होतं. रोज सकाळी नऊ वाजता लोखंडी सळई घेऊन त्या अंगणाअंगणांतून फिरायच्या. सळई हातभर आत गेली तर पाणी सोडायचं, वरच अडली तर उन्हाची वाट बघायची. पाणी द्यायचं ते भर दुपारी, तीनच्या आत आटपायचं, म्हणजे गोठायच्या आधी ते जिरतं. आणि बुंध्याशी नाही द्यायचं. 'पाणी तोंडाला चोळून तहान भागते का? फांद्यांची टोकं जिथवर जातात तिथं द्या, मुळांची तोंडं तिथं आहेत,' असं त्या म्हणायच्या. नव्या सुनांना त्यांनी हे इतक्यांदा सांगितलंय की सुना पाठ फिरली की त्यांची नक्कल करायच्या. परवा माझी सून आपल्या मुलीला हेच सांगत होती, तेव्हा नक्कल करत नव्हती.

तर आता जिग्मेतचं वाक्य.

जिग्मेत, बाळा, तू वाईट काही बोलला नाहीस. तू जे ऐकलंस तेच बोललास. सगळं गाव सात वर्षं तेच बोलतंय. पण ते खरं नाही. अबी त्या वर्षी विसरल्या नव्हत्या.

हे कागदावर लिहून आणलेलं नाही. लिहून आणलेल्या भाषणात इथं त्यांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना होती. ती मी मनातल्या मनात करतो. आता जे बोलतो ते जरा अडखळत बोलेन, सांभाळून घ्या.

आठ वर्षांपूर्वी आपण वरचा पाट सिमेंटचा करायला घेतला. त्या समितीचा अध्यक्ष कोण होता? पाटाच्या तोंडाशी संगमरवराची पाटी आहे, तिच्यावर नाव आहे. अक्षरं जरा मोठीच आहेत. बैठकीत असं ठरलं होतं की छुरपोन झोपेचं पाणी देऊन होकार देईल, त्यानंतरच पाट बंद करायचा आणि सिमेंट घालायचं. कामाला मैदानी मुलखातून आलेले मजूर थंडी वाढली की परत जाणार होते, ही गोष्ट खरी. पण मुकादम मला म्हणाला होता, 'मास्तरजी, आम्ही आणखी आठ-दहा दिवस थांबू शकतो.' हेही खरं. मग घाई कशाची होती? घाई पत्रिकांची होती. पहिल्या टप्प्याच्या उद्घाटनाच्या पत्रिका मी छापून घेतल्या होत्या. तारीख घालून. लेहला चार मोठ्या माणसांच्या हातात त्या देऊन आलो होतो.

अचे-ले मला पाटाच्या तोंडाशी भेटल्या. सळई हातात.

'मास्तर, आठ दिवस द्या. पानं अजून झाडावर आहेत.'

'अचे-ले, तारीख ठरलीय.'

'तारीख तुम्ही ठरवलीय. पानांना कुणी विचारलं?'

मी हसून म्हणालो, 'अहो, ही झाडं पिढ्यान् पिढ्या थंडी काढतायत. एका पाण्यानं काय मरतायत?'

'थंडीनं कुठं मरतात? तहानेनं मरतात. आपल्याला वाटतं थंडीनं.'

'बरं, पुढच्या वर्षी दोनदा देऊ. मग तर झालं?'

तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मला आजही झोपू देत नाही. म्हणाल्या, 'काल उपाशी राहिला म्हणून आज दोनदा जेवता येतं, मास्तर. पण आज जिवंत असायला तर हवं.'

आणि मी काय केलं? मी माझ्या हातानं पाटाच्या तोंडावर दगड रचले, वर माती थापली. मग खाली गावात आलो आणि घरोघर सांगितलं, 'अचे-लेंचा होकार आला, पाणी झालं.' तुम्ही सगळे खळ्यावर होता. कुणी आपल्या झाडाशी वाकून पाहिलं नाही. मास्तर खोटं कशाला बोलेल?

उद्घाटन छान झालं. फोटो अजून आमच्या घरात भिंतीवर आहे. उद्या काढतो.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला नाही, नुसता वारा. वसंतात विलोंचे शेंडे उघडेच राहिले. सफरचंदांना कळ्या आल्या आणि जूनमध्ये तिथल्या तिथं सुकल्या. त्रेचाळीस झाडं गेली. लामा-लेंच्या आजोबांनी लावलेले दोन विलो गेले. जिग्मेत, तुझ्या जन्माचे चार पॉपलर गेले. तुझ्या खोलीच्या तुळया विकत आणाव्या लागल्या, तुला आठवत असेल.

मग बैठक झाली, ह्याच सभागृहात. त्या वेळचे गोबा आता हयात नाहीत. त्यांनी विचारलं, 'स्कित्झोम, झोपेचं पाणी झालं होतं ना? म्हणून तर पाट बंद केला?' अचे-लेंनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्त लिहीत होतो. मी मान वर केली नाही. लिहीत राहिलो. काय लिहीत होतो ते विचारू नका, मी फक्त उपस्थितांची नावं पुन्हा पुन्हा लिहीत होतो.

त्या म्हणाल्या, 'राहिलं.'

एकच शब्द. आणि तो मी इतिवृत्तात लिहून घेतला.

आपल्या रिवाजानुसार पाणी चुकवणाऱ्या छुरपोनच्या घराची उन्हाळ्यातली पाळी त्या वर्षी जाते. त्यांची गेली. आणि आता जे सांगतो ते जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांना नसेल. त्यांच्या अंगणात एक जर्दाळूचं झाड होतं. एवढ्या उंचीवर आपल्या गावात ते एकच. लग्न होऊन आल्या तेव्हा खाली शाम भागातल्या आपल्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून रोप आणलेलं. पांढऱ्या बियांचं, बीसुद्धा गोड. शाळेतल्या प्रत्येक मुलानं ती जर्दाळू खाल्ली आहेत, परीक्षेच्या दिवशी टोपली यायची. ते झाड त्या हिवाळ्यातून कसंबसं वाचलं होतं. अर्ध्या फांद्या जिवंत होत्या. उन्हाळ्याचं पाणी मिळतं तर सावरलं असतं. पण पाळी गेलेली. घरातलं भांडी धुतलेलं पाणी त्या आणून ओतायच्या. पाटाचं एक ओंजळभर पाणी त्यांनी वळवलं नाही. सगळ्या गावाचं पाणी त्यांच्या हातात होतं, दंड झाल्यावरही छुरपोन त्याच होत्या, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं! स्वतःच्या भिंतीलगतून वाहणारं पाणी त्या रोज माझ्या अंगणात सोडून जात होत्या.

ऑगस्टमध्ये झाड वाळलं. करवतीचा आवाज मला घरात ऐकू आला. मी गेलो. त्या एकट्याच कापत होत्या. मी दुसरं टोक धरलं. अर्धं खोड कापून झालं. मग मी विचारलं, 'अचे-ले, तुम्ही बैठकीत सांगितलं का नाही?'

त्या करवत न थांबवता म्हणाल्या, 'सांगितलं असतं तर तुमची समिती मोडली असती. अर्धा पाट उकरलेला तसाच राहिला असता. मग पुढच्या वर्षी कुणालाच पाणी नाही. आणि पोरं तुमच्याकडे शिकायला येतात. त्यांचे मास्तर खोटं बोलतात हे त्यांना मी सांगू?'

मी म्हणालो, 'मीच सांगेन. पाट पूर्ण झाला की सांगेन.'

त्या म्हणाल्या, 'सांगा.'

पाट पुढच्या वर्षी पूर्ण झाला. मी म्हटलं, निवृत्ती दोन वर्षांवर आहे, ती होऊ दे. ती झाली. म्हटलं, धाकट्या मुलाचं लग्न होऊ दे. झालं. मग म्हटलं, आता जुनं झालं, कशाला उकरा? माणसाला सबबींचा तुटवडा कधी पडत नाही. यंदा वसंतात बानो साहेब पाहणीला आल्या. जुन्या बुंध्यांची रांग पाहून त्यांनी एकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, 'मास्तरजी, हे थंडीनं मेलेलं दिसत नाही. त्या वर्षी पाणी कधी बंद केलंत?' मी साहेबांना काय उत्तर दिलं? मी म्हटलं, 'साहेब, जेवायला घरी चला, आज स्क्यू केलाय.' साहेब हसतायत. त्यांना तेव्हाच कळलं असणार.

आणि आज ह्या मंचावर आपण त्यांच्या गळ्यात खताक घालतो आहोत आणि वर त्यांची चूकही पोटात घालतो आहोत. जी त्यांची नव्हतीच. मी टाळी वाजवली, आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या खताकाचं टोक नीट घडी करत होत्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. सात वर्षांपूर्वी निदान बघितलं तरी होतं. आज त्यांनी माझ्याकडून काही अपेक्षाच ठेवली नाही, हे मला सोसवलं नाही.

म्हणून गोबा-ले, आपणांस विनंती आहे. जुन्या इतिवृत्तात 'राहिलं' असं जिथं लिहिलंय, तिथं आज लिहून घ्या की छुरपोननं झोपेच्या पाण्यासाठी आठ दिवस मागितले होते, पाट पल्दान मास्तरनं बंद केला आणि गावाला खोटं सांगितलं. सही मी करतो. आणि रिवाज सगळ्यांना सारखा. पुढच्या उन्हाळ्यातली माझ्या घराची पाळी जावी. ते पाणी अचे-लेंच्या अंगणात सोडावं. दिस्कित, तुझी परवानगी मी घेतलेली नाही, पण तू टोपी सरळ करत नाहीयेस, म्हणजे... बरं. तिचे डोळे भरलेत. तिलाही हे आजच कळतंय.

काय म्हणालात, अचे-ले? थांबा, थांबा, मागच्यांना ऐकू येत नाही, मी सांगतो. अचे-ले म्हणतायत, 'मास्तरांच्या अंगणात अकरा झाडं आहेत. त्या झाडांनी कुणाला खोटं सांगितलं?'

हसू नका हो, ऐका. त्या म्हणतायत, 'दंड मास्तरला करा. झाडाचं पाणी तोडायचं नाही. माझ्या वेळी तोडलं, तेही चुकलंच होतं. मी तेव्हा बोलले नाही, ही मात्र माझी चूक. ती लिहा.'

गोबा-ले मान हलवतायत. लामा-लेही. म्हणजे यापुढं आपल्या गावात दंड माणसाला, झाडाला नाही. माझा दंड काय, ते बैठकीत ठरवा, आज जेवण थंड होतंय. मी हजर राहीन, आणि ह्या वेळी इतिवृत्त दुसऱ्या कुणाला लिहू द्या.

आता एकच सांगतो आणि बसतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. झाड कापलं त्या दिवसापासून अचे-ले माझ्या घरी चहा प्यायल्या नाहीत. सात वर्षं. दर पाळीला आल्या, माझ्या अकरा झाडांना पाणी दिलं, फांद्या छाटल्या, चुना लावला. दिस्कित प्रत्येक वेळी दारात पेला घेऊन उभी राहायची. त्या म्हणायच्या, 'आत्ताच घेऊन आले गं.' दिस्कितला वाटायचं, कामाची घाई आहे. आपल्याकडे वैऱ्याच्या घरीसुद्धा निदान ओठाला पेला लावतात. मला कळत होतं. मी रागावूही शकत नव्हतो, कारण झाडांची त्यांनी कधीच हयगय केली नाही. नुसता माझा पेला भरलेलाच परत जायचा, आणि दिस्कित तो परत किटलीत ओतायची.

अध्यक्षमहोदय, पाहुणे, संयोजक, सतरंज्या घालणाऱ्या मुली, आपण सगळ्यांनी माझं हे लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक...

काय? अचे-ले परत काहीतरी म्हणतायत. एक मिनिट.

त्या म्हणतायत, 'मास्तर, किती बोलता! तुमचा घसा सुकला असेल, माझाही सुकलाय. दिस्कितच्या पायाशी तो लाल थर्मास तुमच्याच घरचा ना?'

हो, अचे-ले. आमच्याच घरचा.

'मग बघत काय बसलात? आणा.'

मंडळी, उणं-अधिक झालं असेल त्याची माफी मी प्रत्येकाच्या घरी येऊन मागेन. आत्ता मला जाऊ द्या. दिस्कित, पेला धुतलेला आहे ना? जुले.